गव्हावरचा गेरवा येतो कुठून?

रायपूरचा परिसर हा धानाचा मुलूख. इथे गहू पेरला जातो तो धान निघाल्यावर. धान उशिरा निघाले की गव्हाची पेरणीही लांबते. असा उशिराचा गहू दाणा भरण्याच्या ऐन वेळी उन्हाच्या तावडीत सापडतो आणि नेमकी तीच ऊब खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याला मानवते. पानाखोडावरची विटकरी भुकटी बोटाला लागली की शेतकरी समजतो, गेरवा आला. पण तो येतो कुठून?

आग्रा महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनी या प्रश्नाला आयुष्याची वर्षे दिली. पाश्चात्त्य देशांत बार्बेरीचे झुडूप या बुरशीला आसरा देते, हे सिद्ध झाले होते. बार्बेरी हिमालयातही आहे. मग इथेही तसेच असणार, असे मानणे सोपे होते. मेहतांनी ते मानले नाही, तपासले. मैदानातल्या उन्हाळ्यात बीजाणू तग धरत नाहीत आणि तेव्हा शेतात गहूही नसतो. रोग जगतो तो थंड डोंगरांवर, तिथल्या उभ्या गव्हावर. बार्बेरीचा त्यात वाटा नाही. हिवाळ्यात वारा तेच बीजाणू खाली आणतो. काळ्या तांबेऱ्याचे माहेर निलगिरी आणि पलणी. पुढे 1970च्या दशकात एस. नागराजन आणि सहकाऱ्यांनी बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांशी या प्रवासाची सांगड घातली.

म्हणजे बांधावर कितीही राखण केली, तरी हा शत्रू आभाळातून उतरतो. मध्य भारताने 1946-47 साली त्याची साथ सोसली. म्हणून खरी तटबंदी बियाण्यातच हवी. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात वाणांची परीक्षा होते ती याचसाठी. मात्र ही तटबंदीही कायमची नसते. एसआर-31 या जनुकावर जगभराची भिस्त होती. 1998 साली युगांडात आढळलेल्या यूजी-99 या प्रकाराने ती मोडली.

रायपूरजवळच्या बरोंडा येथील राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्थेचे नवे संकुल 28 सप्टेंबर 2021 रोजी राष्ट्राला अर्पण झाले. पिकांवरील कीड आणि रोग हाच तिचा विषय. तोवर शेतकऱ्याच्या हाती तीन गोष्टी आहेत: वेळेवर पेरणी, पहिला ठिपका दिसताच शिफारशीनुसार बुरशीनाशक, आणि सगळ्या शिवारात एकच वाण न पेरणे. तिसरी गोष्ट एकट्याला जमणारी नाही. तिला शेजाऱ्याची साथ लागते.