घाणेरी आणि सरडा

‘सरड्यासारखा रंग बदलणारा’ हें दूषण आपल्या भाषेंत इतकें रुळलें आहे, कीं तें उच्चारतांना खऱ्या सरड्याकडे पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं. आमच्या परसाचें कुंपण घाणेरीचें, आणि त्यावर सरडा हा ठरलेलाच. घाणेरीच्या गुच्छांचें घरांत कौतुक होतें. सरड्यास मात्र नातवंडें दगड मारतात. त्याची मान लाल झाली म्हणजे तो दुरूनच आपलें रक्त शोषितो, अशी त्यांची समजूत!

वस्तुतः रंग दोघेही बदलतात. घाणेरीचें फूल उमलतांना पिवळें असतें, पुढें नारिंगी व शेवटीं गुलाबी वा तांबडें होतें. फ्रिट्झ म्युल्लर या शास्त्रज्ञानें ब्राझीलमध्यें याच जातीचीं झुडपें पाहून १८७७ सालीं लिहिलें, कीं फुलपांखरें ताज्या पिवळ्या फुलांकडे जातात, जुन्या जांभळ्या फुलांस शिवतही नाहींत. दिल्ली विद्यापीठांतील मोहन राम व गीता माथुर यांनीं १९८४ सालीं दाखविलें, कीं परागीभवन हेंच या पालटास चालना देतें. म्हणजे ‘येथील पंगत उठली’ अशी ती पाटीच होय. यांत कपट तें कोठें?

सरड्याचेंही तसेंच. विणीच्या दिवसांत नराचें डोकें व गळा लाल होतात, ते मादीस दिसावे व दुसऱ्या नरास धाक बसावा म्हणून. दोघे झुंजले, कीं हरलेल्याची लाली पाहतां पाहतां ओसरते. इतका प्रांजळपणा मीं सभांतूनही क्वचित् पाहिला आहे. रक्ताचा थेंब तो पीत नाहीं. मुंग्या, टोळ व किडे हें त्याचें भक्ष्य.

घाणेरी मात्र मूळची अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बागेच्या शोभेसाठीं ती येथें आणली गेली, आणि आज तिनें रानेंच्या रानें व्यापिलीं आहेत. तिचा पाला गुरांस विषारी. सरडा येथला जुना रहिवासी. संस्कृतांत तो कृकलास. भागवतांतील नृग राजास दानांतील प्रमादामुळें हाच देह मिळाला. शिक्षा म्हणून हीच योनि निवडावी, यांतच लोकांची त्याविषयींची दृष्टि दिसते.

नातवंडांस हें सर्व सांगितलें. धाकट्यानें दगड टाकला. थोरला अजून हातांत धरून आहे. गेल्या श्रावणांत एका मादीनें तुळशीवृंदावनाजवळची माती उकरून अंडीं घातलीं, तेव्हां सूनबाईंनीं त्या जागेभोंवतीं विटा मांडून ठेवल्या. वासरू पाल्यास तोंड लावील या भयानें घाणेरी आतां आम्ही काढणार आहोंत. तेथें मेंदी लावूं. सरड्याची धाव तेथपर्यंत राहीलच.