द्रव्य, गुणधर्म आणि आमचे आबा

मराठी भाषेने रसायनशास्त्राची मोठी गंमत केली आहे. जे जागा व्यापते आणि ज्याला वस्तुमान असते, त्याला पुस्तकात 'द्रव्य' म्हणतात. आमच्या घरात द्रव्य म्हणजे पैसा, आणि तो जागा व्यापण्याइतका कधी साठतच नाही. 'पदार्थ' म्हणावे, तर आईच्या लेखी तो सणासुदीला करायचा. म्हणून धाकट्या भावाला मी शास्त्राचा धडा समजावू लागले, तेव्हा अंथरुणावरून आबा म्हणाले, "द्रव्याचा धडा हाय व्हय? मग जरा मोठ्यानं वाच. आमच्याबी कानावर पडू दे."

मी कला शाखेची विद्यार्थिनी; आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. आबा करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर गुळव्याचे काम करतात. त्यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही.

धडा तसा सरळ. अवस्थेवरून द्रव्याचे स्थायू, द्रव आणि वायू असे प्रकार पडतात. घटकांवरून मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण. पुस्तकातली उदाहरणे भावाच्या डोक्यात शिरेनात, तेव्हा मी काहील घेतली. उसाचा रस हे मिश्रण. त्यात पाऊण हिश्श्याहून अधिक पाणी, बाकीच्यात मुख्यतः साखर. मिश्रणातले घटक आपापले गुणधर्म सोडत नाहीत, म्हणून रस आटवला की पाणी वाफ होऊन निघून जाते आणि गोडी मागे राहते. साखर मात्र संयुग. तिच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू जोडलेले असतात. त्यातला कार्बन असा सहजासहजी वेगळा होत नाही, असे मी म्हणताच आबा बोलले, "हुतो की. जाळ जास्त झाला की करपून काळा कोळसा हुतोय. पर मग त्याची परत साखर हुत न्हाई." पुस्तकात याला रासायनिक बदल म्हणतात. भावाने आबांचे वाक्य वहीत उतरवून घेतले.

शुद्ध पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि उकळत असेपर्यंत तापमान तिथेच राहते. रस जसजसा घट्ट होतो, तसतसा त्याचा उत्कलनबिंदू वर चढतो. गूळ उतरायच्या वेळी तो ११८ अंशांच्या आसपास पोचतो. आबांजवळ तापमापी नाही. ते उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतात, बोटांनी गोळी वळून पाहतात आणि ती मनासारखी टणक झाली की काहील उतरवायला सांगतात. उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर ढेप धरत नाही. शेतकऱ्याचे वर्षाचे कष्ट त्या दोन बोटांवर असतात.

या धड्यातली एक गोष्ट मला फार न्यायाची वाटते. शास्त्र आधी गुणधर्म तपासते आणि मग वर्ग ठरवते. नुसत्या दिसण्यावर गेले असते, तर पाण्यासारखा वाहणारा पारा धातूंच्या पंगतीला कधी बसलाच नसता. माणसांच्या बाबतीत उलटे चालते. आर्ट्सला गेली म्हणजे हिला मार्क पडले नसणार. अंगठा उठवतो म्हणजे ह्याला काही कळत नसणार. वर्ग आधी ठरतो आणि गुणधर्म तपासायला कुणाला सवड नसते.

धड्याच्या शेवटी अप्रकट उष्मा आला. शून्य अंशाचा १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते, आणि १०० अंशाच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४०. एवढी उष्णता आत जाते, पण अवस्था बदलेपर्यंत तापमापीचा पारा हलत नाही.

"मग ती आग जाती कुठं?" आबांनी विचारले.

मी सांगितले, कणांनी एकमेकांना घट्ट धरलेले असते, ती पकड सोडवण्यात ती खर्च होते.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे काम चालू असतंय. दिसत न्हाई एवढंच."

त्यानंतर पुढचे वाचायला मला जरा वेळ लागला. हंगामात रात्र-रात्र चुलवाणाच्या धगीला उभे राहून आबांनी माझी फी भरली आहे. माझ्या गुणपत्रिकेत त्या धगीसाठी रकाना नाही.

प्रवेश अर्जातही 'वडिलांचा व्यवसाय' यापुढे शेती, नोकरी, व्यापार, मजुरी आणि इतर एवढेच वर्ग छापलेले होते. मी 'इतर' वर खूण केली आणि शेजारच्या कोऱ्या जागेत स्वच्छ अक्षरांत लिहिले: गुळव्या.