एक कॅमेरा घेणे आहे

गेले चार वीकेंड अस्मादिक एकाच कामात गळ्यापर्यंत बुडालेले होते. प्रवासाला न्यायला एक छोटा डिजिटल कॅमेरा घेणे. "फोन असताना कॅमेरा कशाला?" हा प्रश्न हापिसातल्या झाडून सगळ्यांनी विचारून झालाय, तेव्हा मंडळी, तुम्ही तरी विचारू नका.

प्रश्न तसा रास्तच आहे म्हणा. २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते आणि त्यातले बहुतेक खिशात मावणारे होते. पुढच्या दहा वर्षांत फोनने तो धंदा जवळजवळ गिळला. आता बहुतेकांना फोन पुरतो. मलाही पुरतो.

पण कॅमेरा माझ्यासाठी नव्हताच. बाबांसाठी होता.

बाबा आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे इन्स्ट्रक्टर होते. २००६ साली त्यांनी कॅननचा पॉवरशॉट ए५३० घेतला. ५ मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल, आणि वरच्या बाजूला डोळा लावून बघायची इवलीशी खिडकी. मी तेव्हा नऊ वर्षांचा. गणपतीपुळ्याला त्यांनी मला उन्हात किती वेळ उभं केलं होतं ते अजून आठवतंय. एक डोळा मिटायचा, कोपरं बरगडीला टेकवायची, श्वास रोखायचा, मग खटका. सेल संपतील म्हणून एका जागेचे दोनच फोटो. पण ते दोन्ही कसे, वर्निअरने मोजून काढल्यासारखे!

तीन वर्षांपूर्वी त्यांचा चहाचा कप बशीवर वाजायला लागला. डॉक्टर म्हणाले, इसेन्शियल ट्रेमर. पार्किन्सन्स नाही, घाबरू नका. हात मांडीवर असला की शांत, कामाला लावला की थरथरतो. गोळ्यांनी थोडा फरक पडला. थोडाच.

भाचीच्या बारशाला त्यांनी फोनवर चाळीसेक फोटो काढले. रात्री पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये अंधारात बसून एकेक करून ते पुसत होते. मी परत जाऊन झोपलो. (झोप कसली!) पुढच्या कार्यक्रमात फोन माझ्या हातात दिला. "तूच काढ रे, मला कंटाळा येतो."

कंटाळा आणि बाबांना?

आता जरा इंजिनिअरगिरी करतो. फोनने फोटो काढताना आपण हात लांब करतो, कोपरं हवेत. मनगटाची थरथर त्या तरफेने वाढते. वर काचेवर बोट टेकवायचं, म्हणजे नेमक्या मोक्याच्या क्षणी धक्का. (आवाजाच्या बटणानेही फोटो निघतो, ठाऊक आहे. ते दाबताना फोन हातातून निसटेल ही धास्ती कोण घालवणार?) उलट डोळ्याला लावायचा कॅमेरा कपाळावर टेकतो. दोन हात आणि एक कपाळ, तीन टेकू. बाबांना ही सवय वीस वर्षांची. म्हणजे हवा होता तो डोळा लावायची खिडकी आणि खरंखुरं बटण असलेला, खिशात मावणारा कॅमेरा.

मग काय, एक्सेल उघडलं. सतरा कॅमेरे, बावीस कॉलम. झूम, सेन्सर, लेन्स, बॅटरी, वजन. इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो : '१ इंच सेन्सर' कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही. तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर असतो. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेलं नाव अजून चालू आहे. मापाच्या बाबतीत असला गलथानपणा बाबांनी वर्कशॉपमध्ये चालवून घेतला नसता. तरी स्वस्त कॅमेऱ्यातल्या १/२.३ इंची सेन्सरपेक्षा तो क्षेत्रफळाने चौपट असतो, आणि मला तेच हवं होतं. थरथर मारायची तर शटर जोरात चालवायचं. हात सेकंदाला आठ वेळा हलतो धरलं तर एका हेलकाव्याला १२५ मिलिसेकंद लागतात. शटर १/५०० ला ठेवलं की ते उघडं राहतं २ मिलिसेकंद. तेवढ्यात हात जाऊन जाऊन जाणार किती! पण मग उजेड कमी पडतो, आयएसओ वाढतो, फोटो दाणेदार होतो. सेन्सर मोठा असेल तर दाणे कमी. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन असतंच मदतीला, पण ते साधारण माणसाच्या हाताचा हिशेब धरून केलेलं.

शेवटी दोन उरले. सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ (२०१४) आणि पॅनासोनिकचा टीझेड१०० (२०१६). दोन्ही जुने, म्हणजे सेकंडहँड घ्यायचे. माझा जीव सोनीवर. लेन्स एफ १.८, समोरची २.८, म्हणजे सोनीत उजेड सुमारे अडीच पट.

आणि इथे घोटाळा झाला. दिवाळीला सांगलीला गेलो होतो, लॅपटॉप उघडा टाकून दूध आणायला गेलो. परत आलो तर बाबा चष्मा लावून एक्सेल वाचतायत. शेवटच्या कॉलमचं नाव होतं 'थरथर'.

काही बोलले नाहीत. मीही नाही. दूध तापलं, चहा झाला. मग म्हणाले, "वजनाच्या कॉलमला तू कमी वजनाला जास्त मार्क दिलेत. उलटं कर."

"का?"

"हलकी वस्तू हातात जास्त नाचते. जड असली की दबून राहते. आणि हा जो पहिला आहे ना, त्याची खिडकी आधी वर काढायची, मग मागे ओढायची. तेवढ्यात मोर उडून जाईल."

वजन सोनीचं २९० ग्रॅम, पॅनासोनिकचं ३१२. बावीस ग्रॅमनी काय होतंय, पण खिडकीचा मुद्दा बिनतोड होता. टीझेड१०० ची खिडकी कोपऱ्यात कायमची बसवलेली, डोळा नेला की आपोआप चालू होते. माझ्या बावीस कॉलममध्ये हा नव्हताच. फोर्टात एका दुकानात तो मिळाला, २८ हजारांना, थोडा खरचटलेला. बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला, बटण पंधरा-वीस वेळा अर्धं दाबून बघितलं आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

जानेवारीत आम्ही तिघं हंपीला गेलो. मिरजेहून हुबळी, तिथून होस्पेट. उन्हात १/५०० मस्त चाललं. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ (पन्नासच्या नोटेवरचा) त्यांनी इतक्या बाजूंनी काढला की आई जाऊन सावलीत बसली. विरूपाक्ष मंदिरात मागच्या अंगाला एक अंधारी खोली आहे. भिंतीतल्या छोट्या भोकातून उजेड येतो आणि समोर नऊ मजली गोपुराची सावली पडते, उलटी, कळस खाली. म्हणजे ती खोलीच एक कॅमेरा! मी गाईडसमोर पिनहोलचं भौतिकशास्त्र झाडायला लागलो होतो, तेवढ्यात बाबा खाली फरशीवर बसले.

तिथे १/५०० चालणं शक्यच नव्हतं. त्यांनी डायल स्वतः फिरवून १/३० केलं, गुडघे वर घेतले, कोपरं त्यांवर टेकवली. मागे रांग खोळंबली. एकजण "चला काका" म्हणाला. बाबांनी श्वास रोखला. मी रांगेकडे तोंड करून आडवा उभा राहिलो.

अकरा फोटो काढले. रात्री लॉजवर पलंगावर बसून पुसत होते, यावेळी दिवा लावून. नऊ गेले. उरलेल्या दोनांतला एक त्यांनी मोठा करून दाखवला. सावलीतले मजले मोजता येत होते. मग कॅमेरा उलटा धरून गोपुर सुलटं करून दाखवलं आणि विचारलं,

"कार्ड किती जीबीचं आहे रे? उद्या मातंग टेकडीवर सूर्योदयाला जायचंय."