काकींची बैठक

माणसांची बैठक कशी चालवावी, हे मला पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या काकींनी शिकवलं. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. पण बचत गटाच्या अध्यक्ष म्हणून त्यांना पाहत मी जे शिकले, त्याचं ऋण मी जन्मभर मानीन.

बचत गट बांधणाऱ्या सरकारी 'उमेद' अभियानाची पंचसूत्री मी महाडला पाठ करून आले होते : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी. तिथल्या प्रशिक्षणात ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांचंही नाव ऐकलं होतं. गावाचा नकाशा गावकऱ्यांनीच जमिनीवर काढावा, बाहेरून आलेल्यानं काठी त्यांच्या हाती देऊन बाजूला व्हावं, हा त्यांचा आग्रह. ती काठी द्यायची कशी, ते मला काकींच्या पडवीत उमगलं.

काकी अध्यक्ष, तरी पैशांची पेटी त्यांच्या घरी नसे. पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे, आणि पैसे मोजायला दर महिन्याला वेगळी बाई. कर्जाची मागणी आली की काकी भिंतीला टेकून गप्प बसलेल्या बाईला आधी विचारायच्या. आपलं मत अगदी शेवटी. कुणीच बोललं नाही, तर सूप पुढ्यात ओढून तांदूळ निवडत बसायच्या. मी तोंड उघडू लागले की गुडघ्यावर हात ठेवून म्हणायच्या, "बाय, जरा दम धर. तिला जुळवू दे."

या भागातले पुरुष मुंबईला. गावकीचे निर्णयही पुष्कळदा तिथल्या मंडळात व्हायचे. चारचौघांत आपलं मत मांडायची बायकांना सवयच नव्हती. ती लागावी म्हणून काकी कधी घाई करत नसत.

२२ जुलै २०२१ ला महाड पुरात बुडालं, तळीये दरडीखाली गेलं, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी माणसं नेली. त्यानंतरच्या बैठकीत काकींच्या गटापुढे हप्त्यांचा प्रश्न आला. कुणाची लावणी दगडगोट्यांखाली गेली होती, कुणाची वाचली होती. सगळ्यांचे हप्ते सरसकट थांबवावेत, असं एकदोघी म्हणाल्या. काकींनी भिंतीकडच्या बाईला विचारलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "माझा हप्ता थांबवू नका. पुढं दोन एकदम भरणं झेपायचं नाही. निम्मा करा." मग दुसरीनं दिवाळीपर्यंत मुदत मागितली. तिसरीची शेती वाचली होती. ती पूर्ण हप्ता भरायला आपणहून तयार झाली. अंधार पडेस्तोवर प्रत्येकीचा वेगळा हिशेब ठरला, आणि प्रत्येकीनं तो पाळला. असा तोडगा मला कागदावर सुचला नसता. कुणाच्या घरात काय उरलंय, ते त्यांनाच ठाऊक होतं.

आता महाडला नव्या मुलींना शिकवताना मी पंचसूत्री लवकर आटोपते. उरलेला वेळ त्यांनीच बैठक चालवायची. सुरुवात सगळ्यांत कमी बोलणारीनं करायची, चालवणारीनं आपलं मत शेवटी सांगायचं. गटाचा निर्णय गटाच्या तोंडून आला, तरच गट तो निभावतो. हे शिकवताना मी आधी काकींचं नाव घेते, कारण ही विद्या त्यांची आहे.