एका तारेवरचं घर

माझ्या लॅपटॉपचा घरातला पत्ता १९२.१६८.१.५ असा आहे. नेमका हाच पत्ता या घटकेला लातूरमधल्या एखाद्या टीव्हीचा असेल, चिपळूणमधल्या एखाद्या प्रिंटरचा असेल, न्यू जर्सीत शिकणाऱ्या कुणा मराठी मुलाच्या टॅबचा असेल. असंख्य घरांत तो आहे आणि तरी एकाची चित्रं दुसऱ्याच्या पडद्यावर जात नाहीत. घरातलं नेट सगळ्यांनी मिळून वापरणं इतकं रोजचं झालं आहे, की त्यामागची ही करामत कुणाच्या गावीही नसते. मला मात्र ती कळली तेव्हापासून तिच्याबद्दल माया वाटत आली आहे.

इंटरनेटची जुनी पत्तापद्धत ३२ बिटांची. १९८१ साली ती पक्की झाली. तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. त्या काळी नेटवर्कवरचे संगणक विद्यापीठांत, लष्करात, संशोधनसंस्थांत असायचे. एकेका घरात चार-चार यंत्रं पत्ता मागतील, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे हिशेब मांडला गेला आणि पत्ते संपणार हे दिसू लागलं. मे १९९४मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक उपाय सुचवला आणि तो तात्पुरता आहे हेही लिहून ठेवलं : आतल्या यंत्रांनी आपापसांत हवे ते पत्ते वापरावेत, बाहेर पडताना उंबरठ्यावर ते बदलून घ्यावेत. फेब्रुवारी १९९६मध्ये अशा आतल्या वापरासाठी तीन पट्टे कायमचे राखून ठेवले गेले. १९२.१६८ हा त्यांतला सगळ्यात लहान. बाहेरच्या जगात हे पत्ते कुणालाच द्यायचे नाहीत असं ठरलं, म्हणून तर घराघरांत ते सगळ्यांना मिळाले.

उंबरठ्यावर बसतो तो राउटर. आतून आलेल्या प्रत्येक मागणीवरचा घरातला पत्ता तो पुसतो, त्या जागी घराचा बाहेरचा एकुलता एक पत्ता लिहितो आणि सोबत एक क्रमांक जोडतो. या क्रमांकाला पोर्ट म्हणतात. असे ६५,५३६ क्रमांक असतात. कोणता क्रमांक कुणासाठी दिला, याची नोंद तो स्वतःजवळ ठेवतो. उत्तर आलं की क्रमांक पाहतो आणि ज्याचं त्याला पोचवतो. आई युट्यूबवर पुरणाचं वाटण बघत असेल, बाबा शेअरचे भाव, भाची गणिताचा तास. हजारो मैलांवरच्या सर्व्हरच्या लेखी हे सगळे मिळून बोलणारा एकच. नोंद काही वेळ वापरात नसली की राउटर ती पुसून टाकतो. कुणी काय मागितलं याचा हिशेब जन्मभर लक्षात ठेवायचा नाही, हा त्याचा स्वभाव मला आवडतो.

ही डबी घरात येण्याआधी तिचं काम एका संगणकाला करावं लागे. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि पुढच्या काही वर्षांत ते डायल-अपच्या किरकिऱ्या सुरांनिशी आमच्यासारख्या घरांत शिरलं. फोनची तार एकच. नेट सुरू असलं की फोन बंद. आईची हाक यायची, "दादा, झालं का रे तुमचं? मावशीला फोन लावायचाय मला." ती हाक आली की दादा निमूटपणे जोडणी तोडायचा. घरात दुसरा संगणक आला तेव्हा दादाने विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत आलेली जोडणी वाटून देण्याची सोय वापरली. त्याच्या संगणकाने १९२.१६८.०.१ हा पत्ता घेतला आणि माझा संगणक त्याच्यामागे उभा राहिला. त्याचा संगणक सुरू तर माझं नेट सुरू. रात्री झोपायला जाण्यापूर्वी तो दारातून विचारायचा, "बंद करू का गं?" आणि माझं काम राहिलं असलं तर पडद्याचं बटण तेवढं बंद करून, संगणक तसाच घरघरत ठेवून तो झोपी जायचा.

त्या दोन संगणकांमधली तार अजून माझ्याकडे आहे. चौकटीच्या कडेने खिळे मारून नेलेली. आत आठ बारीक तारा, दोन-दोनाच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून बसवलेली. बाहेरून येणारा गोंगाट दोघींवर सारखाच पडावा आणि पलीकडच्या टोकाला तो वजा करता यावा, म्हणून तो पीळ. मध्ये हब न घेता दोन संगणक थेट जोडायचे, तर एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करावी लागते. एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारेला लागावी, एवढ्यासाठी. निळी आणि तपकिरी जोडी त्या काळच्या वेगाला लागतच नसे, तरी ती तारेत असायचीच. नखाएवढ्या प्लगमध्ये आठही तारा रंगांच्या क्रमाने सरळ बसवून क्रिंपिंगचा चिमटा दाबायला दादाने मला शिकवलं. आज वायफायच्या हवेत वाढणाऱ्या मुलांनी एकदा तरी ती तार हातात घेऊन सोलून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

२००५मध्ये ब्रॉडबँड आलं. २००४च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं आणि तेवढ्या वेगानेही आम्ही हरखून गेलो होतो. फोन आणि नेट एकदमच चालू लागलं, आईची हाक थांबली. मग वायफाय आलं, फोन आले, टीव्हीलाही नेट लागू लागलं. वेग दहापट झाला, शंभरपट झाला. पण "कोण डाउनलोड करतंय रे? माझं अडकलंय!" ही आरोळी घरातून गेली नाही. असं का, याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं आणि या लेखातली माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट तीच आहे.

अडकतं ते वेग कमी पडतो म्हणूनच असं नाही. अडकतं ते रांगेत. मेमरी स्वस्त झाली तसं मोडेम-राउटर बनवणाऱ्यांनी त्यांत मोठमोठे साठे ठेवले. एकही पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, वाया जाऊ नये, हा हेतू. घरातल्या एकाने लग्नाचा व्हिडिओ वर चढवायला घेतला की तो साठा काठोकाठ भरतो आणि भाचीच्या तासातलं एवढंसं "हो, सर" त्या सगळ्या पसाऱ्यामागे जाऊन उभं राहतं. जिम गेटीस या अमेरिकी अभियंत्याने २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीवर हा आजार ओळखला आणि त्याला बफरब्लोट हे नाव दिलं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल नावाची तोड काढली : पॅकेट रांगेत किती वेळ तिष्ठत आहे ते मोजायचं आणि तो वेळ सतत वाढलेला राहिला, तर काही पॅकेटं टाकून देऊन पाठवणाऱ्याला हळू होण्याची खूण द्यायची. त्याच वर्षी लिनक्समध्ये तिचं पुढचं रूप आलं. त्यात ज्याच्या-त्याच्या बोलण्याची रांग वेगळी केली जाते आणि ज्याचं मागणं थोडकं त्याला लगेच पुढे सोडलं जातं. पंढरपुरात पदस्पर्शाची बारी कितीही लांबली तरी मुखदर्शनाची रांग वेगळी चालते, तसं.

२०२०मध्ये शाळा घरात आल्या तेव्हा याची किंमत कळली. आईबाबांची ऑफिसं, दोन मुलांचे तास आणि तार एक. ज्या घरांत तारही नव्हती तिथे वडिलांच्या एकाच फोनचा हॉटस्पॉट, आणि वडील कामावर निघाले की वर्ग संपला. शिक्षकांनी हजेरी घेतली आणि "हो, सर" पोचलंच नाही, त्या मुलांच्या वाट्याला आलेलं गप्प बसणं मला आजही खुपतं. सगळ्याच घरांना मोठी जोडणी देणं आपल्या हाती नाही. आहे त्या जोडणीत लहानग्याचं बोलणं आधी जाऊ देणं मात्र आपल्या हाती आहे.

पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ला संपला. नवी १२८ बिटांची पद्धत पसरते आहे आणि तिच्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा जगावेगळा पत्ता मिळतो. उंबरठ्यावरची अदलाबदल कधीतरी थांबेल. रांग मात्र राहील, कारण तार एकच राहणार आहे.

म्हणून आज एक काम करा. घरच्या राउटरची सेटिंग्ज उघडा आणि त्यात रांग सांभाळणारी सोय आहे का ते पाहा. तिला क्यूओएस किंवा एसक्यूएम असं नाव असतं. असेल तर सुरू करा आणि वेगाची मर्यादा तुमच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा दहाएक टक्के खाली ठेवा, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या हाताखाली लागेल. नसेल, तर पुढचा राउटर घेताना ॲन्टेना किती आहेत हे विचारण्याआधी दुकानदाराला हे विचारा.