कागदावरची आगगाडी

अमेरिकेत टपालाने माल पाठवणाऱ्या मोठ्या दुकानांचे नाताळचे कॅटलॉग पानगळीच्या दिवसांत घरोघर येत. त्यांतल्या सिअर्स या दुकानाने असा खास कॅटलॉग प्रथम १९३३ मध्ये काढला. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘विश बुक’ असे पडले, आणि १९६८ मध्ये दुकानाने तेच मुखपृष्ठावर छापले. मोठ्यांनी कपडे आणि भांडी पाहावीत. मुलांचे पुस्तक खेळण्यांच्या पानांपासून सुरू होई, आणि तिथेही विजेच्या आगगाडीपाशी फार वेळ थांबे.

ही गाडी जन्मली तीच पाहण्यासाठी. १९०० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या जोशुआ लायनेल कोवेनने दुकानाच्या काचेत मांडायला विजेवर फिरणारा छोटा डबा बनवला. गिऱ्हाइकाने आतला माल घ्यावा, हा हेतू. गिऱ्हाइके डबाच मागू लागली. शहरापासून दूर शेतावर राहणाऱ्या मुलाला ती काच कुठून मिळणार? त्याच्यासाठी कॅटलॉगचे पान हीच काच होती.

दुसऱ्या महायुद्धानंतरची दहाएक वर्षे या गाड्यांच्या वैभवाची. १९४६ मध्ये कोवेनच्या लायनेल कंपनीच्या इंजिनातून धूर निघू लागला, पुढच्या वर्षी डब्याचे दार उघडून दुधाचे कॅन फलाटावर ढकलणारा इवला माणूस आला, आणि १९४८ मध्ये लाल नाकाचे, चंदेरी अंगाचे सांता फे डिझेल इंजिन. कागदावर यातले काहीच हलत नसे. शिट्टी आणि चाकांची खडखड वाचणाऱ्यानेच भरायची. चित्रात डोंगर, बोगदे, दिवे लागलेली स्थानके. खोक्यात मात्र इंजिन, चार डबे आणि लंबगोल रूळ. बाकीचे वेगळे विकत घ्यायचे, हे बारीक अक्षरांत.

घराच्या ऐपतीप्रमाणे गाडी बदले. मार्क्स कंपनीच्या पत्र्याच्या गाड्या स्वस्त होत्या. लायनेलच्या रुळांना मधोमध वीज वाहणारी तिसरी पट्टी असे. तिच्या प्रतिस्पर्धी अमेरिकन फ्लायरने १९४६ पासून खऱ्या रेल्वेसारखे दोनच रूळ ठेवले. यावरून मुलांत कडाक्याचे वाद होत, आणि दिसण्यापुरते तरी फ्लायरवाल्यांचेच खरे होते.

चित्रांत बहुधा बाप आणि मुलगे असत. १९५७ मध्ये लायनेलने मुलींसाठी गुलाबी इंजिनाची गाडी काढली. मुलींना खरीखुरी दिसणारी गाडी चालली नसती, असे कोणी ठरवले कोण जाणे! ती खपली नाही. म्हणूनच आज दुर्मिळ आणि महाग आहे.

पन्नाशीचे दशक सरताना मुले टीव्ही आणि शर्यतीच्या मोटारींकडे वळली, आणि लहान मापाच्या एचओ गाड्यांनी बाजार घेतला. सिअर्सचा सर्वसाधारण मोठा कॅटलॉग १९९३ मध्ये बंद पडला. नाताळचे जुने अंक आता संग्राहक विकत घेतात; पेनाने गाडीभोवती गोल काढलेल्या प्रतीपेक्षा कोऱ्या प्रतीला भाव अधिक मिळतो.