बायांच्या वर्गणीचे पाणी

इंग्लंडला गेलेला माणूस राजवाडे आणि पूल पाहून परततो. आम्ही मात्र डर्बीशायरमधले यूलग्रेव्ह हे खेडे पाहिले आणि तिथली एक दगडी टाकी कायमची लक्षात राहिली.

बेकवेल या बाजाराच्या गावापासून हे खेडे सुमारे पाच किलोमीटरवर, डोंगरउतारावर वसले आहे. अरुंद रस्ता, दुतर्फा दगडी घरे आणि मध्येच ही गोल, बुटकी टाकी. हजार गॅलनांहून अधिक पाणी मावेल एवढी. तिच्यातून कारंजे उडत नाही, तरी गावकरी तिला ‘फाउंटन’च म्हणतात.

टाकी बांधली १८२९ साली. त्यापूर्वी गावाला पाणी लागे ते खालच्या ब्रॅडफर्ड नदीचे. भरलेले भांडे घेऊन चढ चढायचा. हे ओझे कोणाच्या वाट्याला येत असेल, ते आमच्या भगिनींना सांगायला नको.

गावात बायांचे एक परस्पर साह्य मंडळ होते. त्याच्या पुढारी होत्या हॅना बोमन. या मंडळाने पाण्याचा प्रश्न लावून धरला. अखेर गावाबाहेरच्या मॉस्टन झऱ्याचे पाणी नळाने गावात आले. दर घरामागे वर्षाला सहा पेन्स वर्गणी ठरली. विशेष म्हणजे त्या काळी इंग्लंडात बाईला पार्लमेंटसाठी मत देण्याचा अधिकार नव्हता.

टाकीसमोर १८८७ सालची सहकारी भांडाराची इमारत आहे. पुढे तिथे तरुण प्रवाशांचे वसतिगृह झाले. एकत्र येऊन काम उभे करण्याची या गावाची सवय जुनी दिसते. १९८९ साली इंग्लंडातला पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडे गेला, पण यूलग्रेव्हचे पाणी गावकऱ्यांच्याच संस्थेकडे राहिले.

दरवर्षी जूनमध्ये गावातले जुने नळ सजवले जातात. लाकडी फळ्यांवर ओली माती थापून तीत फुलांच्या पाकळ्या, शेवाळ आणि बिया बसवून चित्रे करतात. पाकळ्या कौलांसारख्या एकीवर एक लावतात, म्हणजे पावसाचे पाणी ओघळून जाते. कित्येक दिवसांची ही मेहनत गावकरी मिळून करतात.

नळ सोडला की पाणी येते, एवढेच आपली मुले पाहतात. ते दारापर्यंत आणायला कोणीतरी झटलेले असते, हेही त्यांना कळले पाहिजे. आपल्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हॅना बोमन यांची आणि त्या सहा पेन्सांची गोष्ट जरूर सांगावी.